‘माणूस’मधली मैना नको का म्हणते?

आजच्या पत्रकावर ‘फिल्म न्वार’ असा शब्द छापलाय. तो वाचून दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, हे काय आणखी नवीन? नवीन काही नाही. ‘न्वार’ म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता, तेव्हा तिथं अमेरिकी चित्रपट येणं बंद झालं होतं. युद्ध संपलं, आणि १९४६ साली तुंबलेले चित्रपट पॅरिसमध्ये एकदम लागले. त्यातले खुनाचे, फसवणुकीचे, रात्रीच्या शहरातले काही चित्रपट बघून नीनो फ्रांक नावाच्या समीक्षकानं त्यांना हे नाव दिलं. ज्यांनी ते चित्रपट बनवले त्यांना आपण ‘न्वार’ बनवतोय हे ठाऊकच नव्हतं. पोर चालायला लागल्यावर बारसं झालं, असं समजा.

आम्ही म्हणजे महिन्यातून एकदा बसून जुने चित्रपट बघणारे सात-आठ जण. त्यात शिक्षक आहेत, एक मेडिकलवाले आहेत, कॉलेजातली दोन पोरंपोरी आहेत. जे बोलणार आहोत ते सगळ्यांच्या भांडणातून निघालेलं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय. थोरामोठ्यांसारखं आदरार्थी नव्हे.

न्वार म्हटलं की सगळे ज्याचं नाव घेतात तो ‘डबल इन्डेम्निटी’, १९४४ चा, बिली वाइल्डरचा. विमा कंपनीचा एजंट एका घरी पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी जातो. घरधनी नसतो, बाई असते. तिला नवऱ्याचा अपघाती विमा उतरवायचाय आणि पुढं तो अपघात घडवून आणायचाय. एजंट फसतो. फसतो म्हणजे काय, डोळे उघडे ठेवून फसतो. चित्रपट सुरू होतो तोच त्याच्या कबुलीनं. गोळी लागलेली आहे, रात्र आहे, ऑफिसात तो एकटाच यंत्रासमोर बसून सगळं सांगतोय. म्हणजे शेवट पहिल्या काही मिनिटांतच कळतो. मग बघायचं काय? तर माणूस पायरी-पायरीनं खाली कसा उतरतो ते. खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर आणि अंगावर पडते, गजाआड असल्यासारखी. आणि मधे ती बाई. न्वारमधली बाई म्हणजे सापळा, हे समीकरण याच चित्रपटांनी पक्कं केलं.

आता आमचं म्हणणं. या सगळ्याच्या पाच वर्षं आधी, १९३९ साली, पुण्यात प्रभात कंपनीनं एक चित्रपट काढला. त्यात रात्रीचं शहर आहे, अंधारे बोळ आहेत, कोंदट खोल्या आहेत, पोलीस आहे, वेश्या आहे, खून आहे, तुरुंग आहे. फक्त एक गोष्ट उलटी आहे. त्यातली बाई सापळा नाही. तो चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’. हिंदीत तोच ‘आदमी’.

कुणी म्हणेल, मराठी माणसाला प्रत्येक शोध आपल्याकडंच लागला असं वाटतं. विमानसुद्धा. तसं आम्ही म्हणत नाही. ‘माणूस’ हा न्वार आहे असा दाखला कुणाकडून आणायचा नाही. पण प्रकाश कुठून आला ते बघा. १९३३ च्या सुमारास शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढायला जर्मनीला गेले. रंग काही मनासारखा साधला नाही. पण तिथल्या चित्रपटांत सावली कशी बोलते हे त्यांनी पाहिलं, आणि परत आल्यावर १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये ते दिसलं. पडदाभर राजगुरूचा तो एक डोळा, आठवतोय ना? नेमक्या त्याच वर्षी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला म्हणून फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर असे लोक जर्मनी सोडून निघाले आणि फिरत फिरत हॉलिवूडला पोचले. एकाच विहिरीचं पाणी एका पाटानं अमेरिकेत गेलं, दुसऱ्या पाटानं पुण्यात आलं. पीक वेगळं आलं, कारण रान वेगळं होतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांनी गाणं ऐकलेलं असतं, चित्रपट बघितलेला नसतो. गणपत हा साधा शिपाई. बिल्ला नंबर २५५. कुंटणखान्यावर धाड पडते, आणि त्या धाडीतून तो मैनाला वाचवतो. शाहू मोडक गणपत झालेत, शांता हुबळीकर मैना. दोघांचं प्रेम जमतं. तो तिला त्या गल्लीतून बाहेर काढायची खटपट करतो. त्याची आई भाविक, सरळमार्गी. तिच्यापुढं मैनाला उभं करायचं म्हणतो. मैनाला ते पेलत नाही. पुढं तिच्याच नात्यातल्या, वडीलकीचा हक्क सांगणाऱ्या नीच माणसाचा तिच्या हातून खून होतो. ती कैदेत असताना गणपत तिला सोडवायला तयार होतो. आणि ती नको म्हणते.

पहिल्यांदा हा गणपत बघा. अमेरिकी न्वारमधला नायक बहुतेकदा खाजगी गुप्तहेर असतो, नाहीतर एजंट, नाहीतर वकील. स्वतःचं ऑफिस असलेला, तिखट बोलणारा. गणपत पगारी शिपाई आहे. साहेबाला सलाम ठोकणारा, रात्रपाळी करणारा. त्याच्या हातून पहिली चूक होते ती अगदी लहान: धाड पडलेली असताना एका बाईला तो जाऊ देतो. कायद्याच्या भाषेत ही कर्तव्यात कसूर. न्वारची पहिली पायरी अशीच असते. तिथून गडी घसरत जातो आणि खड्ड्यात पडतो, असा त्या प्रकाराचा हिशेब. ‘माणूस’मध्ये मात्र तो घसरता घसरता दर वेळी थांबतो, आणि बहुतेक वेळा त्याला थांबवते ती मैनाच.

शाहू मोडकांबद्दल एक बाजूची गोष्ट. हा नगरचा ख्रिस्ती घरातला माणूस, पडद्यावर कृष्ण म्हणून गाजला. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, प्रभातनंच त्याला ज्ञानेश्वर केलं. म्हणजे एका वर्षी वेश्येच्या प्रेमात पडलेला शिपाई आणि दुसऱ्या वर्षी माउली. त्या चेहऱ्यात एक निरागसपणा आहे. आजच्या प्रेक्षकाला तो कधीकधी मख्ख वाटतो, आम्हालाही अर्धाएक तास वाटला. नंतर लक्षात आलं की मैनाच्या चटपटीतपणासमोर तो तसाच असायला हवा. ती दोन पावलं पुढं आणि हा अजून पहिल्या वाक्याचा अर्थ लावतोय, अशी ती जोडी आहे.

आणि ती मैना! शांता हुबळीकर मूळच्या कर्नाटकातल्या, नावातच हुबळी. ‘कशाला उद्याची बात’ हे त्यांचं गाणं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, रेडिओनं ते कधी मरू दिलं नाही. पण नुसतं ऐकू नका, बघा. त्या गाण्यात मधेच भाषा बदलत जातात. मराठी संपलं की दुसऱ्या भाषेतलं कडवं, मग तिसऱ्या. ऐकताना ही गंमत वाटते. बघताना कळतं की समोर बसलेलं गिऱ्हाईक बदललं की तिला भाषा बदलावी लागते. ज्याची जी बोली, त्या बोलीत त्याला हसवायचं. हा तिचा धंदा आहे आणि ती त्यात पटाईत आहे. चेहऱ्यावर हसू तेच राहतं. उद्याची गोष्ट कशाला, असं ती सगळ्यांना सांगते. आमच्या मते हे मौजेचं गाणं नाहीच. ज्या बाईला उद्या नाहीच तिनं दुसऱ्यांना विकलेली ती बेफिकिरी आहे. हुबळीकरांनी उतारवयात आत्मचरित्र लिहिलं, त्याला नाव दिलं याच गाण्याचं. नटीच्या जन्माला एक गाणं कसं चिकटून बसतं बघा.

आजचा प्रेक्षक या चित्रपटाला कुठं अडखळतो, तेही सांगायला हवं. चित्रपट लांब आहे, दोन तासांहून पुष्कळ जास्त. मधले काही विनोद शिळे झालेत. बाँबे टॉकीजच्या बागेतल्या प्रेमगीतांची यात टिंगल केलीय. त्या काळी थिएटर हसलं असेल; आज ज्यानं ‘अछूत कन्या’ पाहिलेला नाही त्याला कळतच नाही की हे काय चाललंय. खुनाचा भाग घाईनं आणल्यासारखा वाटतो. मैनाला तुरुंगात पोचवायचं होतं म्हणून एक दुष्ट माणूस आणला आणि मारला. ‘डबल इन्डेम्निटी’त खुनाचा प्रत्येक धागा एजंटच्या धंद्यातूनच निघतो, तशी वीण इथं नाही. हे उणं मान्य.

पण आमच्यात खरं भांडण झालं ते शेवटावरून. कॉलेजातली मुलगी म्हणाली, “हा चित्रपट बाईला शिक्षाच देतो. पुरुष तिला वर काढायला तयार, आई सून करायला तयार, आणि बाई म्हणते माझी लायकी नाही. हे कुणी लिहिलं? पुरुषांनीच ना?” तिच्या म्हणण्यात दम आहे. लिहिणारे, दिग्दर्शक, कॅमेरावाले, सगळे पुरुषच. गणपतच्या आईचं देवघर ही चित्रपटाची मोजपट्टी आहे, आणि त्या पट्टीवर मैना कमी भरते असं चित्रपट स्वतःच मानतो की काय, अशी शंका येते. तशा आया आपण माढेश्वरीच्या नवरात्रात ढिगानं बघतो. मनानं लोण्यासारख्या. त्यांच्या चांगुलपणावर शंका नाही. पण चांगुलपणासुद्धा समोरच्याला ओझं होऊ शकतो. माफ करणारा कायम एक पायरी वर उभा असतो, आणि ज्याला माफ केलं त्याला जन्मभर मान वर करून बघावं लागतं.

आम्हाला वाटतं, मैनाला हे कळलेलं आहे. चित्रपट वरवर म्हणतो की तिला अपराधी वाटतं. पण हुबळीकरांचा चेहरा काही वेगळं म्हणतो. गणपत तिला सोडवायला येतो म्हणजे काय करायला येतो? दुसऱ्यांदा कर्तव्यात कसूर करायला. पहिल्या वेळी नोकरी वाचली, या वेळी तोच गजाआड जाईल. मग आयुष्यभर दोघं पळत राहणार. अमेरिकी न्वार इथूनच पुढं सुरू झाला असता: गाडी, रात्रीचा हमरस्ता, मागं पोलीस. मैना तो चित्रपट सुरूच होऊ देत नाही. नको म्हणते. ज्या बाईचा आजवर प्रत्येकानं वापर केला, तिनं स्वतःहून घेतलेला हा बहुधा पहिला निर्णय आहे. तो दुःखाचा आहे, पण तिचा आहे. आमच्यातल्या त्या मुलीला हे पटलं नाही. “निर्णय घ्यायला दोनच वाटा दिल्या, आणि दोन्ही वाईट,” असं ती म्हणाली. हेही लिहून ठेवावं असंच आहे.

शांतारामांचा रोख मात्र तिसरीकडंच होता. १९३५ चा ‘देवदास’ तेव्हा गाजत होता. प्रेमात हरला, दारू पीत पीत मेला, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकत होती. शांतारामांना ते रडगाणं मान्य नव्हतं. ‘माणूस’ हा ‘देवदास’ला दिलेला जबाब आहे. गणपत कोसळतो, पण मरत नाही. जगणं सोडायचं नाही, असं चित्रपट म्हणतो. न्वारचा अंधार घेतला आणि न्वारची निराशा परत केली, असा हा व्यवहार. आमच्यापैकी मेडिकलवाल्यांना हा शेवट उपदेशाचा वाटतो. बाकीच्यांना वाटत नाही. कारण गणपत जगतो म्हणजे सुखी होतो असं नाही. तो परत पाळीवर जातो, एवढंच.

आता ज्यासाठी हा विषय माढ्यात घ्यायचं ठरवलं, तिथं येतो. आपल्याकडं ‘माणूस’ फार थोड्यांनी पाहिलाय. ‘पिंजरा’ मात्र पाहिला नाही असं घर नाही. १९७२ चा, त्याच शांतारामांचा, ‘माणूस’नंतर ३३ वर्षांनी आलेला. जत्रेच्या तंबूत पाहिला, टीव्हीवर पाहिला, आता मोबाईलवर बघतात. ‘पिंजरा’चं मूळ परत जर्मनच: १९३० चा ‘ब्लू एंजल’, ज्यात एक कडक प्राध्यापक गाणाऱ्या बाईच्या नादी लागून विदूषक होतो. इथं श्रीराम लागूंचे गुरुजी तमाशा गावाबाहेर हाकलायला निघतात आणि संध्याच्या चंद्रकलेच्या पायाशी जातात. पुढची गोष्ट तर अस्सल न्वार आहे. दुसऱ्याच माणसाच्या प्रेताला गुरुजींचे कपडे चढतात, गाव समजतं गुरुजींचा खून झाला. गाव त्यांना देव करतं. खरे गुरुजी फडाबरोबर लाचार होऊन फिरतात, आणि शेवटी स्वतःच्याच खुनासाठी त्यांना फाशीची शिक्षा होते. तोंडातून ब्र काढत नाहीत, कारण गावाचा आदर्श मोडेल. बिली वाइल्डरलासुद्धा हेवा वाटला असता अशी ही गाठ आहे. लागूंचं काम थोर, राम कदमांचं संगीत थोर, त्यावर वाद नाही.

पण बाई बघा. ‘माणूस’मधली मैना पुरुषाला खड्ड्यात पडू देत नाही. ‘पिंजरा’तली चंद्रकला पैज लावून त्याला पाडते. नंतर तिलाही प्रेम होतं, पश्चात्ताप होतो, पण गोष्ट चालते ती तिच्या सापळ्यावर. चित्रपटाचं नावच बघा ना. पिंजरा कोण? ती. अडकलेला कोण? तो. ३३ वर्षांत शांताराम पुढं गेले की मागं, हा प्रश्न आम्ही उघड विचारतो. तंत्रात पुढं गेले, रंगात गेले. बाईकडं बघण्यात ‘माणूस’ हाच जास्त नवा आहे. मधे १९५७ ला ‘दो आँखें बारह हाथ’ आला, आपल्या शेजारच्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कैदी वसाहतीवरून सुचलेला. त्यात सहा खुनी पुरुष माणसात येतात. सहाच्या सहा! मैनाच्या हातून एक खून झाला, तर तिच्यासाठी तसला जेलर कुणी लिहिला नाही.

आणि हे माढ्यात का बोलायचं? कारण मोडनिंब आपल्याच तालुक्यात आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाताना कलाकेंद्रांच्या पाट्या सगळ्यांनी बघितल्यात. पाटी दिसली की गाडीत काय बोलणं होतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या संगीत बारीच्या बायका गळा तयार करतात, पायात घुंगरू बांधून वर्षानुवर्षं रियाज करतात, बसून अदाकारी करायला शिकतात. कित्येकींच्या कमाईवर आईबापाचं, भावाबहिणींचं घर चालतं. त्यांना मैनाच्या गल्लीत नेऊन बसवायचा आमचा विचार नाही. उलट, गाव त्यांना सर्रास तिथं नेऊन बसवतं हीच तक्रार आहे. नाचणारी आणि विकणारी यात फरक करायचा नाही, हे आपण ‘पिंजरा’सारख्या चित्रपटांतूनही शिकलो. तमाशानं गाव बिघडतं, मास्तर बिघडतो, हे गुरुजींचं वाक्य गावाला पाठ आहे. गाव तमाशा बघायला पैसे देऊन जातं, हे वाक्य कुणी पाठ केलं नाही.

‘पिंजरा’ बघू नका, असं सांगायला आलो नाही. आम्ही परवाच परत पाहिला आणि लागूंच्या शेवटच्या दृश्यांना कुणी जागचं हललं नाही. एवढंच सुचवतो की दोन्ही एका आठवड्यात बघा. आधी ‘पिंजरा’, मग ‘माणूस’. उलट्या क्रमानं बघितलं तर इतिहास कळतो. या क्रमानं बघितलं तर आपली नजर कळते. चंद्रकला पैज लावते तेव्हा आपण कुणाच्या बाजूनं हसतो ते बघा. मग मैना भाषा बदलत गाते तेव्हा तिच्या समोर बसलेल्यांचे चेहरे बघा. शांतारामांनी ते चेहरे दाखवलेत. ‘डबल इन्डेम्निटी’त कॅमेरा फसलेल्या पुरुषाच्या खांद्यावरून बाईकडं बघतो, ‘माणूस’मध्ये काही क्षण तो बाईच्या बाजूला जाऊन गिऱ्हाइकांकडं बघतो. आम्हाला विचाराल तर सगळ्या चित्रपटातली सर्वांत काळी जागा ती आहे, आणि तिथं दिवे भरपूर लावलेले आहेत.

अर्धा तास झाला. चहा आलेला दिसतोय, तो होईपर्यंत प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माईक द्या.